लालबागेत मोटारसायकल पाहताना

बऱ्हाणपूरला आगगाडीने येणारा पाहुणा प्रथम उतरतो तो लालबागेत. भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील बऱ्हाणपूरचे स्थानक जुन्या तटबंदीच्या शहरापासून दोन-तीन किलोमीटर दूर, या वस्तीत आहे. पाहुणा रिक्षात बसतो, शाही किल्ला, जामा मशीद आणि तापीचा घाट पाहतो. मुमताज महल १६३१ मध्ये येथेच निवर्तली हे तो ऐकतो. मिर्झाराजे जयसिंगांनी १६६७ मध्ये येथेच देह ठेवला हे कळले, की मराठी पाहुण्यास पुरंदरच्या तहाची आठवण होते. मग तो परत लालबागेत येऊन गाडी पकडतो. ज्या वस्तीने येताना-जाताना त्याला दार उघडले, तिच्याकडे पाहावयास मात्र त्यास सवड नसते.

लालबाग हे नाव मोगल काळातील बागेवरून आले. या परिसराचे खरे वैभव जमिनीच्या पोटात आहे. जहांगीराच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या आश्रयाने तबकुतुल अर्ज या इराणी तज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी वाटेतच धरले आणि भुयारातून शहराकडे वळविले. तो कुंडी भंडारा लालबागेपासून जवळच आहे. पुढे १९०६ साली येथे ताप्ती मिल उभी राहिली, कालांतराने ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि २०२० च्या टाळेबंदीत तिचे काम थांबले. मिलच्या भोंग्यावर दिवस मोजणारी पिढी अद्याप येथे आहे. तिची मुले-नातवंडे यंत्रमागांवर, दुकानांत आणि रेल्वेत पोट भरतात, आणि दोन चाकांवरून कामाला जातात.

आमचा लालबागेशी संबंध जुना आहे. परंतु गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आम्ही तेथे गेलो ते निराळ्याच कामासाठी. आमचा भाचा तेवीस वर्षांचा. घर रावेरला, बऱ्हाणपुरात एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो आणि आमच्याकडे राहतो. चार वर्षे त्याने वडिलांची स्प्लेंडर चालविली. आता त्याला ‘स्पोर्ट्स बाईक’ हवी होती. नवी परवडत नव्हती म्हणून वापरलेली. त्यासाठी पगारातून एक लाख वीस हजार रुपये त्याने साठविले होते. आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, “दादा, पैसे त्याचे आहेत, मी अडवणार नाही. पण गाडी तुझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय घ्यायची नाही, एवढं बघ.” तिचा धाकटा दीर अकरा वर्षांपूर्वी महामार्गावर मोटारसायकलीच्या अपघातातच गेला. त्या घरात हा विषय कोणी मोठ्याने काढीत नाही. तेव्हा हे काम केवळ सौद्याचे नव्हते, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

आमच्या लहानपणी मराठी घरांत मोटारसायकल म्हणजे १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा अथवा येझदी, नाहीतर राजदूत. आमच्या तीर्थरूपांकडे राजदूत होती. तिच्यावर तिघे बसले तरी ती आपली चाल बदलत नसे. १९८३ मध्ये राजदूतच्याच नावाने यामाहाची ३५० सीसीची गाडी निघाली. ती बहुतेकांनी दुरूनच पाहिली. १९८५ मध्ये आर. एक्स. १०० आली आणि तिच्या आवाजावर एक पिढी लुब्ध झाली. मग २००१ मध्ये पल्सर, २००३ मध्ये करिझ्मा, २००८ मध्ये आर-१५, २०१२ मध्ये ड्यूक २०० आणि पुढल्या वर्षी तिचीच ३९०, अशी ही चढण होत गेली. आकडे पाहिले म्हणजे ती चढण किती उभी आहे ते कळते. स्प्लेंडरचे इंजिन ९७ सीसीचे व शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती. पहिल्या आर-१५ ची सुमारे १७, आणि ३९० ची सुमारे ४३. स्प्लेंडरहून ३९० ची शक्ती पाचपट, वजन मात्र जेमतेम दीडपट. मनगट थोडेसे अधिक वळले तर स्प्लेंडरवर काही बिघडत नाही. मोठ्या गाडीवर तेवढ्यातच पुढच्या ट्रकचे मागचे फळकूट जवळ आलेले असते.

आपल्या कायद्यात या चढणीला पायऱ्या नाहीत. अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना हाती पडला, की त्याच परवान्यावर ८ अश्वशक्तीची गाडी चालते आणि ४३ चीही. युरोपीय संघाच्या देशांत २०१३ पासून तीन पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती. दुसरी ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७. आणि त्यानंतर मर्यादा नाही. तरुण चालकाला तेथे पहिल्याच दिवशी सर्वांत वरची गाडी मिळत नाही. “मामा, मग ३९० तर तिकडेसुद्धा दुसऱ्याच पायरीत बसते,” भाच्याने आम्हांस तत्काळ दाखवून दिले. हिशेबनीसाचे म्हणणे बरोबर होते. आम्ही त्यास एवढेच विचारले, “त्या पायरीची तिकडे परीक्षा असते. तुझी कोणी घेतली?” जेथे सरकार पायरी घालून देत नाही, तेथे ती घराने घालावी, असे आमचे मत आहे. आणि वापरलेली गाडी ही त्या पायरीस फार सोयीची वस्तू आहे. तिच्यावर शिकता येते, ती पडली तर नव्याइतके दुःख होत नाही, आणि दोन वर्षांनी विकली तरी फारसे नुकसान होत नाही.

स्पोर्ट्स बाईक म्हणजे जलद गाडी, एवढीच बहुतेकांची समजूत असते. वास्तविक तिची सारी ठेवणच वेगळी. हँडल खाली आणि पाय मागे, त्यामुळे अंगाचा भार मनगटांवर येतो. शॉकअप कडक, त्यामुळे गतिरोधक कमरेला कळतो. अंगावर प्लॅस्टिकचे कवच. ते वारा कापते, परंतु उभ्या रहदारीत इंजिनाची ऊन वाफ गुडघ्यांवर सोडते. बऱ्हाणपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्यास याचा अर्थ सांगावयास नको. पुढचा डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागतो. स्प्लेंडरच्या ड्रम ब्रेकवर सर्व बळ लावण्याची सवय असलेल्या हाताने तो वाळूवर दाबला, तर पुढचे चाक निसटते. म्हणून गाडी पाहण्यापूर्वी चालकाचा रस्ता पाहावा. आमच्या भाच्याचा रस्ता म्हणजे आठवडाभर शहरातील गल्ल्या, आणि रविवारी रावेरची वाट. त्या वाटेवर केळीचे ट्रक, दिव्याविना चालणारे ट्रॅक्टर, आणि हंगामात डांबरावर सांडलेला पाला. क्वचित मित्रांबरोबर असीरगडाची चढण. यांत ताशी शंभराच्या वर जाण्याचा प्रसंग कोठे येतो, ते त्यानेच शोधून सांगावे असे आम्ही म्हणालो. त्यास एकही जागा सापडली नाही.

लालबागेत त्या दिवशी दोन गाड्या पाहावयाच्या होत्या. सोबत आमच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आले. ते थोडके बोलतात, आणि गाडीजवळ गेल्यावर प्रथम हात लावतात तो इंजिनाला.

पहिली गाडी चारशे सीसीच्या आतबाहेरची. किंमत एक लाख पंधरा हजार, म्हणजे तिच्या मानाने संशय यावा इतकी कमी. गाडी चकाकत होती आणि भाच्याचे डोळेही. मिस्त्रींनी इंजिनाला हात लावला. ते तापलेले होते. आम्ही येण्यापूर्वीच ती सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसे उठते, किती धूर सोडते, आतून खडखडते की काय, हे सर्व अशा युक्तीने झाकले जाते. मग त्यांनी जेथे कोणी पाहत नाही तेथे पाहिले. हँडलची टोके आणि ब्रेकच्या लिव्हरचे टोक घासलेले. कवच मात्र कोरे. गाडी जोरात पडली असून वरचे कपडे तेवढे नवे घातले आहेत, हे त्यावरून उघड झाले. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचे कडे होते, म्हणजे ऑइल सील गेलेले. हँडल पूर्ण वळविले असता जेथे ते थांबते त्या टेकूवर चेप होता. असा चेप असेल तर सांगाड्याला धक्का बसल्याची शंका घ्यावी.

टायरवर एका लंबवर्तुळात चार आकडे असतात. पहिले दोन वर्षातील आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाडीचा मागचा टायर गाडीच्या नोंदणीहून दोन वर्षे जुना निघाला! कोणत्या गाडीचा तो काढून बसविला हे विचारण्यात अर्थ नव्हता. नोंदणीपत्र पाहिले तर नाव तिसऱ्याच गृहस्थांचे आणि त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा तसाच. क्रमांक एम. एच. १९, म्हणजे जळगावचा. ना-हरकत दाखला ‘नंतर मिळेल’ असे उत्तर आले. आम्ही नमस्कार करून निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत भाचा काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, मी एकटा आलो असतो तर पैसे देऊन मोकळा झालो असतो.”

दुसरी गाडी दीडशे सीसीच्या वर्गातील, २०१९ च्या पावसाळ्यातील, एका नोकरदार गृहस्थांची. बदली झाल्यामुळे विकावयाची होती. क्रमांक एम. पी. ६८, आपल्याच जिल्ह्याचा, मालक पहिलाच. चाल एकतीस हजार किलोमीटर, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एका पिशवीत तारखेवार लावलेली. इंजिन थंड होते. पहिल्याच बटणाला सुरू झाले आणि मिनिटभरात एका सुरात आले. मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हळूहळू फिरविले. चेन एके जागी सैल व एके जागी ताठ होत होती, दातांची टोके अणकुचीदार झाली होती. म्हणजे चेन सेट बदलावा लागणार. पुढचे चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडले. मध्ये कोठे अडकले नाही. इंजिन गार असल्याने पाण्याच्या टाकीतील कूलंटही उघडून पाहिले. त्यावर तेलाचा तवंग नव्हता. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला ए.बी.एस. सक्तीचे झाले, त्यामुळे या गाडीस ते होते. चावी फिरविताच त्याचा दिवा लागला व गाडी थोडी चालताच विझला, तो तसाच विझावयास हवा. चौकटीवर कोरलेला चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी अंकन् अंक ताडून पाहिला. परिवहन खात्याच्या मोबाइलवरील सेवेत विमा, बोजा व थकलेले चलन यांची खात्री करून घेतली. हे शेवटचे काम दोन मिनिटांचे, फुकटचे, आणि तरी बहुतेक लोक ते सौद्यानंतर करतात.

भाच्याने शिरस्त्राण घालून मोकळ्या रस्त्यावर फेरी मारली. परत आला तेव्हा चेहऱ्यावर पहिल्या गाडीजवळचे ते तेज नव्हते. गाडी चांगली होती हे त्याला कळत होते, पण ती त्याच्या स्वप्नातली नव्हती. मालक कागदांच्या प्रती काढण्यास बाजारात गेले, तेवढ्या वेळात आम्ही दोघे स्प्लेंडरवर कुंडी भंडाऱ्याकडे गेलो.

वरून पाहिले तर माळावर ओळीने विहिरींची तोंडे दिसतात. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. पर्यटकांसाठी एका कुंडीत लिफ्ट बसविलेली आहे. सुमारे ऐंशी फूट खाली भुयार आणि त्यातून वाहणारे स्वच्छ पाणी. या साऱ्या व्यवस्थेत कोठेही रहाट नाही, पंप नाही. कुंड्या एकमेकींस भुयाराने जोडल्या आहेत आणि भुयारास अल्पसा उतार दिला आहे. उतार उभा असता तर पाण्याने भिंती खरवडल्या असत्या. नसताच तर ते साचले असते. वरच्या कुंड्यांतून हवा खेळते व गाळ काढण्यास माणूस उतरू शकतो. चारशे वर्षांपूर्वी कोणा माणसाने हा उतार मोजला आणि पाणी आजही त्याच वाटेने येते, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

तेथे कठड्याशी उभा असता भाच्याने विचारले, “मामा, ही घेतली तर मोठी कधी?” आम्ही त्यास शाळेतल्याप्रमाणे तीन अटी घातल्या. पहिली, वर्षभर व निदान दहा हजार किलोमीटर ही गाडी चालवावी, त्यात एक पूर्ण पावसाळा यावा. दुसरी, कोरड्या मोकळ्या जागेत ताशी पन्नासावरून दोन्ही ब्रेक लावून गाडी सरळ रेषेत थांबविता आली पाहिजे, ती विचार न करता. तिसरी, चेनला तेल, टायरची हवा व ब्रेकचे पॅड ही तिन्ही त्याने स्वतः पाहावीत, मिस्त्रीने सांगण्याची वाट पाहू नये. यांत आम्ही उत्तीर्ण म्हटले, तर मोठ्या गाडीसाठी त्याच्या आईशी आम्ही बोलू. त्याने अटी मोबाइलमध्ये लिहून घेतल्या. “आणि आई नाही म्हणाली तर?” “तर आम्ही दोघे मिळून पुन्हा विचारू,” आम्ही म्हणालो.

सौदा श्याऐंशी हजारांत ठरला. उरलेल्या चौतीस हजारांतून चेन सेट, दोन्ही टायर, ब्रेकचे पॅड व इंजिन ऑइल झाले. आय.एस.आय. खुणेचे पूर्ण चेहऱ्याचे शिरस्त्राण, हातमोजे आणि कोपर-गुडघ्यांस कवच असलेले जाकीट घेतले, विमा भरला आणि काही रक्कम शिल्लकही राहिली. जो खिशातले सर्व पैसे गाडीच्याच किमतीत घालतो, तो जुन्या टायरवर आणि उघड्या हातांनी घरी येतो. जुनी गाडी घेणाऱ्याने एकूण रकमेचा चौथा हिस्सा बाजूस ठेवूनच बोलणे सुरू करावे, असे आमचे सांगणे आहे.

कागदांच्या बाबतीत आम्ही हट्ट धरला. विकणाऱ्याने २९ क्रमांकाचा नमुना व घेणाऱ्याने ३० क्रमांकाचा, दोघांच्या सह्यांनी त्याच आठवड्यात दाखल केला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यातील हस्तांतरणाची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. पुष्कळ लोक कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी तशीच वर्षानुवर्षे चालवितात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, मग गाडी हातोहात कोणाकडेही गेलेली असो. अपघाताच्या भरपाईचा बोजा त्याच्यावर येतो. ज्या सद्गृहस्थाने गाडी नीट राखून आपणास दिली, त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार ठेवणे बरे नव्हे. विम्याचेही नाव १४ दिवसांत बदलून घ्यावे.

नोंदणीपत्र भाच्याच्या नावावर आल्यावरच तो गाडी घेऊन रावेरला गेला. बहिणीने फोनवर सांगितले, “दादा, हिचा आवाज कमीच आहे रे. मला वाटलं होतं, घर हादरेल.” पोहोचल्याचा फोन तिला दर रविवारी जातो. तो नियम तिचा स्वतःचा आहे, आमच्या तीन अटींत तो नव्हता.

शेवटी, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे काका, मामा, मावश्या पुण्यात, नाशकात, जळगावात असतात, आणि ‘आमच्याकडे गाडी पडून आहे, मुलाला घेऊन जा’ असे आपुलकीचे निमंत्रण येते. निमंत्रण स्वीकारावे, परंतु गाडी आणण्यापूर्वी तेथील आर.टी.ओ. कडून २८ क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला घ्यावा. कर्ज असल्यास ते फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना व बँकेचे पत्र घ्यावे. बाहेरच्या राज्यातील गाडी आपल्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर येथला क्रमांक घ्यावा लागतो व येथला रस्ताकर भरावा लागतो. तो कर किती पडेल ते आपल्या कार्यालयात आधी विचारावे. तो मिळविल्यावर ‘घरची गाडी’ कधी कधी बाजारातल्या गाडीहून महाग पडते. तेथे भरलेल्या कराचा उर्वरित भाग परत मागता येतो, परंतु ते काम मूळ मालकाच्या नावे व तेथल्या कार्यालयातून करावयाचे असते. त्यासाठी काकांना दोन खेपा घालाव्या लागतील हे त्यांस अगोदर सांगावे. आपुलकीच्या व्यवहारात कागद मागण्याचा संकोच वाटतो खरा. तथापि गाडी रस्त्यावर येते ती नोंदणीपत्रावरील नावाने, आणि काही भलते घडलेच तर पोलीस, न्यायालय व विमा कंपनी त्याच नावाच्या माणसाच्या दारी जातात.